शहाऱ्याच्या गोष्टी

भरताने सात्त्विक भाव आठ सांगितले. जागच्या जागी खिळणं, घाम सुटणं, अंगावर काटा येणं, आवाज न फुटणं, थरथर, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळे भरून येणं आणि शुद्ध हरपणं. नुसती यादी हातात दिली तर ही लक्षणं भ्यालेल्या माणसाची की प्रेमात पडलेल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. विश्वनाथाने मात्र चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पणा'त शृंगाराला न मानवणारे रस मोजले आणि त्यांत भयानक व बीभत्स या दोघांनाही घातलं. शास्त्राने एका पंक्तीला बसायची मनाई केली आणि शरीर भय आणि शृंगार दोघांनाही तेच उत्तर देत राहिलं.

मला ज्या कथांविषयी लिहायचंय त्या या मनाईच्या पलीकडे राहतात. भय आणि कामवासना एकाच अंगात, आणि त्या अंगाची ओढ समाजाने आखून दिलेल्या वाटेने जात नाही. क्वीअर भयकथा म्हणूया. कुणी त्यांना चावट म्हणून फडताळाच्या मागच्या खणात टाकतं, कुणी प्रतीकात्मक म्हणून सोवळ्यात ठेवतं. दोन्ही प्रकारांत त्या वाचायच्या राहून जातात.

*

१८ जून १८१६ ची रात्र. जिनिव्हा सरोवराकाठी बायरनने भाड्याने घेतलेलं घर, व्हिला दिओदाती. त्या वर्षी युरोपला उन्हाळा लाभलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून रात्री भुताच्या गोष्टी चाललेल्या. बायरन कोलरिजची 'क्रिस्टाबेल' म्हणून दाखवतो. मध्यरात्री रानात एका तरुणीला दुसरी भेटते. ती तिला घरी आणते, उंबरठ्याशी पाहुणीचं बळ सरतं तेव्हा उचलून आत घेते, आपल्याच बिछान्यात जागा देते. पाहुणी वस्त्रं उतरवते आणि तिच्या छातीशी जे दिसतं ते कोलरिज सांगत नाही.

इथवर ऐकून पाहुणा कवी शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला. बायरनच्या तरुण डॉक्टरने, पॉलिडोरीने, त्याच्या तोंडावर पाणी मारलं, ईथर हुंगवलं आणि कारण रोजनिशीत टिपून ठेवलं: प्रेयसी मेरीकडे बघता बघता शेलीला कधीतरी ऐकलेली एक बाई आठवली, स्तनाग्रांच्या जागी डोळे असलेली.

या घराची ओळख 'फ्रँकेन्स्टाइन'ची जन्मखोली अशी आहे. मला त्यातली ही रात्र जास्त मोलाची वाटते. दोघींची एक शेज, कवीने गिळलेली एक ओळ, आणि ती गाळलेली जागा ऐकणाऱ्याने आपल्याच प्रेयसीच्या अंगावर भरून काढणं. पुढच्या दोनशे वर्षांच्या कथांनी जे तंत्र वापरलं ते सगळं त्या किंकाळीत आहे.

*

त्याच मुक्कामातून पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' आली. १८१९ मध्ये ती छापली गेली, तीही बायरनच्या नावावर. ऑब्री नावाचा तरुण लॉर्ड रुथवेनच्या मोहिनीत सापडून त्याच्याबरोबर प्रवास करतो. रुथवेन मरता मरता त्याच्याकडून शपथ घेतो: एक वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. मेलेला रुथवेन लंडनला परत येतो आणि ऑब्रीच्या बहिणीशी लग्न ठरवतो. ऑब्रीला सगळं ठाऊक आहे आणि बोलता येत नाही. लोक त्याला वेडा ठरवतात.

सुळ्यांपेक्षा ती शपथ भयंकर आहे. एका पुरुषाबद्दलची गोष्ट दुसऱ्या पुरुषाने पोटात ठेवायची आणि त्यापायी स्वतःचं घर जळताना बघत राहायचं. ज्यांनी आयुष्यभर अशी शपथ पाळली त्यांना ही कथा कुणी समजावून सांगावी लागत नाही.

*

'कार्मिला'. डब्लिनच्या शेरिडन ल फानूची ही दीर्घकथा १८७१-७२ मध्ये 'द डार्क ब्लू' मासिकात क्रमशः आली आणि १८७२ मध्ये पुस्तकात गेली. 'ड्रॅक्युला' १८९७ चा, म्हणजे ही पंचवीस वर्षांनी वडील. स्टोकरने आधी आपली कादंबरीही ल फानूप्रमाणे ऑस्ट्रियातल्या स्टिरियात घालायची ठरवली होती, मग ती ट्रान्सिल्व्हेनियात नेली. त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या 'ड्रॅक्युलाज गेस्ट'मध्ये स्टिरियाच्या एका सरदारणीचं थडगं मात्र राहून गेलं. ऋण असं कुठेतरी दिसतंच.

गोष्ट लॉरा सांगते. वय एकोणीस, आई नाही, वडील निवृत्त, रानातला एकाकी गढीवाडा, सोबतीला दोन शिक्षिका. चांदण्यात एक घोडागाडी उलटते आणि गाडीतली मुलगी यांच्याकडे ठेवून तिची आई घाईने निघून जाते. ठेवून घ्यायचं ठरवतात लॉराचे वडील. मुलगी रात्री दाराला आतून कुलूप लावून निजते, दुपारी एकनंतर उठते, एक कप चॉकलेट घेते, खात काहीच नाही. ती लॉराचा हात धरते, केस मोकळे करते, गालाशी गाल लावून असं काही बोलते की एखाद्या प्रियकरानेही इतकं उघड बोलू नये.

आणि लॉरा काय लिहिते? तिला ते आवडतं आणि किळस येते, दोन्ही एकाच क्षणी. लाज वाटते, दूर व्हावंसं वाटतं, होता येत नाही. ही कबुली त्या कथेचा कणा आहे. ल फानूने पिशाच्च बाहेर उभं केलं तरी भीती लॉराच्या स्वतःच्या सुखात आहे. आपल्याला हे आवडतंय याची भीती.

जवळून बघावा असा एक प्रसंग. एक कुबड्या फेरीवाला अंगणात येतो, ताईत विकतो. खिडकीत या दोघी. त्याची नजर कार्मिलाच्या दातावर पडते आणि तो धंदेवाईक अदबीने म्हणतो की बाईसाहेबांचा दात फारच अणकुचीदार आहे, माझ्याकडे कानस आहे, चिमटा आहे, घासून देतो. कार्मिला संतापाने लाल होते. वाचक दचकतो आणि त्याच वेळी त्याला तिचा अपमान झाल्यासारखं वाटतं. पिशाच्चाची बाजू घेतली जाते ती इथे. कुणाचं तरी अंग कानसून सगळ्यांसारखं करायचा तो साळसूद प्रस्ताव मला पुरुषांच्या त्या शेवटच्या तुकडीपेक्षा जास्त हिंस्र वाटतो. ती तुकडी येतेच: सेनापती, जहागीरदार, पाद्री, डॉक्टर. थडगं उघडतं, खुंटी ठोकली जाते, डोकं उडवतात, राख नदीत सोडतात. कायदेशीर अहवाल लिहिला जातो.

पण ल फानू शेवटचा शब्द त्या अहवालाला देत नाही. वर्षं उलटून गेल्यावर लिहिणाऱ्या लॉराला अजूनही दिवाणखान्याच्या दाराशी तिची पावलं ऐकू आल्याचा भास होतो. वाट पाहिल्यासारखा. खुंटी ठोकणाऱ्यांना यातलं काही कळलेलं नाही.

*

अशी कथा पुढ्यात आली की मी एकच गोष्ट तपासते: यात भीती कुणाची आहे? दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी एकमेकांना हवंसं वाटणं हेच भुताचं काम म्हणून दाखवलं असेल, आणि त्याच्या शिक्षेपुरती शेज आणली असेल, तर ती कथा कितीही घाम फोडो, ती पोलीस चौकीची कथा आहे. 'कार्मिला' या तपासणीत अर्धी नापास होते आणि अर्धी फार उंच जाते. ल फानूच्या कथानकाने एक ठरवलं आणि त्याच्या गद्याने दुसरंच केलं. लिहिणाऱ्याचा कान त्याच्या मतांपेक्षा धीट असू शकतो.

*

१९४२, इस्मत चुगताई, 'लिहाफ'. उर्दू कथा, 'अदब-ए-लतीफ'मध्ये छापलेली. ती भयकथा म्हणून कुणी वाचत नाही, वाचावी. बेगम जान, तिच्याकडे पाठ फिरवलेला नवाब, बंद हवेलीतल्या खोल्या, तेल रगडणारी रब्बो, कुठल्याच औषधाला न जुमानणारी खाज. आणि रात्री भिंतीवर पडणारी रजईची सावली, हत्तीसारखी फुगणारी, झुलणारी. गोष्ट सांगणारी एक लहान पोर आहे. तिला जे दिसतं ते कळत नाही, म्हणून तिला फक्त भीती आहे. मोठ्यांना रजईखालचं काय ते कळतं, म्हणून ते अस्वस्थ. एकाच सावलीने दोन वाचकांना दोन वेगळ्या तऱ्हांनी घाबरवायची ही कसरत कथेच्या इतिहासात फार थोड्यांना जमली आहे.

इस्मतआपा तेव्हा मुंबईत राहत. अश्लीलतेचं समन्स मुंबईतल्या घरी आलं आणि खटला लाहोरला चालला. 'बू'साठी मंटोवरही त्याच वेळी. फिर्यादी पक्षाला कथेत बोट ठेवून दाखवावा असा एकही अश्लील शब्द सापडला नाही आणि खटला पडला. न्यायालयात सावली पुरावा म्हणून उभी करता येत नाही.

बेगम जानकडे ती कथा कणवेने बघते की घृणेने, यावर आजही वाद होतात. माझ्या मते दोन्ही आहेत आणि त्यांतलं एक काढलं की कथा मरेल. एकटेपणाने माणसाचं काय होतं आणि ते माणूस मग दुसऱ्या दुबळ्याचं काय करतं, हे सांगायला इस्मतआपांना भयकथेखेरीज दुसरं घर नव्हतं.

*

युरोपात ही परंपरा भीतीपासून सुरू झाली. जपानात उएदा अकिनारीच्या 'उगेत्सु मोनोगातारी'त (१७७६, नऊ कथा) ती वचनापासून सुरू होते. 'शेवंतीची आण' ही त्यातली कथा. सामोन हा गरीब विद्वान तापाने फणफणलेल्या एका अनोळखी सामुराईची, अकानाची, सेवा करतो. दोघं आणाभाका घेऊन भाऊ होतात. देहाबद्दल अकिनारी बोलत नाही, पण पुरुषांमधल्या प्रेमाला त्या काळच्या जपानी साहित्यात नाव होतं, जागा होती, आणि वाचकाला खूण पटत होती. अकाना मुलूख बघायला निघतो. परत कधी? नवव्या महिन्याच्या नवमीला, शेवंतीच्या सणाला.

त्या दिवशी सामोन पहाटेपासून झाडलोट करतो. शेवंतीची फुलं लावतो, असतील नसतील ते पैसे घालून मासे आणि दारू आणतो. रस्त्यावरून माणसं जातात, बोलतात, घोडी हाकतात. दुपार होते, संध्याकाळ होते. आई म्हणते, आता उद्या बघ. ती निजते. सामोन शेवटचं एकदा बाहेर डोकावतो, चंद्र डोंगराआड चाललेला, आणि अंधारात वाऱ्याबरोबर कुणीतरी येतंय.

अकानाच. तो बसतो, पण ताटाला हात लावत नाही. माशाच्या वासाने बाहीने तोंड झाकतो. मग सांगतो. त्याला किल्ल्यात डांबून ठेवलं होतं. माणसाला एका दिवसात इतकं अंतर तोडता येत नाही, आत्म्याला येतं. म्हणून त्याने पोटात तलवार घातली आणि निघाला.

यात दचकवणारं काही नाही. तरी ही कथा वाचून होणारा शहारा कुठल्या सुळ्यांनी आणलेला नाही. माशाचा वास नकोसा झालेलं ते शरीर, ज्याच्यासाठी तो एवढ्या लांब आला त्यालाही आता शिवता न येणारं. कामकथेचं सगळं दुःख त्या न शिवण्यात आहे.

*

चीनच्या फू सोंगलिंगच्या गोष्टींत (तो १७१५ ला गेला, पुस्तक छापलं गेलं १७६६ ला) कोल्ह्यांच्या आत्म्यांचा बाजार भरलेला आहे. त्यांत फेंग सान-न्यांग ही एक. देवळाच्या जत्रेत तिला एका मोठ्या घरची मुलगी भेटते, दोघी केसांतले काटे बदलतात, पुढे फेंग भिंत चढून येते आणि एका बिछान्यात रात्री जातात. मैत्रिणीला ती कायमची हवी असते. म्हणून मैत्रीण तिला दारू पाजून आपल्या नवऱ्याच्या हवाली करते, सवत म्हणून तरी राहील या आशेने. फेंगचं व्रत मोडतं, ती कोल्हीण असल्याचं सांगून निघून जाते. कोल्हीण पूर्ण निरुपद्रवी आहे. भीषण आहे ती मैत्रिणीची सोय, कारण त्या घराच्या रचनेत दुसऱ्या बाईला जवळ ठेवायचा तेवढा एकच दरवाजा होता.

*

१९८४. क्लाइव्ह बार्करच्या 'बुक्स ऑफ ब्लड'च्या पहिल्या खंडात 'इन द हिल्स, द सिटीज'. मिक आणि जड हे जोडपं युगोस्लाव्हियात गाडीने हिंडतंय, राजकारणावरून भांडतंय, गवतात प्रेम करतंय. डोंगराआड पोपोलाक आणि पोदुयेवो या दोन गावांची हजारो माणसं एकमेकांना दोरांनी बांधून दोन महाकाय देह उभे करतात. दर दहा वर्षांचा विधी. यंदा एक देह कोसळतो आणि दरीतून रक्ताचा ओघ येतो. दुसरा वेडा होऊन चालत सुटतो.

मिक आणि जड समलिंगी आहेत याचा या संकटाशी काडीचा संबंध नाही, आणि त्यातच बार्करचं धाडस आहे. संकट त्यांच्या प्रेमाची शिक्षा म्हणून येत नाही. ते फक्त तिथे होते, इतर कुणी असावं तसे. शिवाय दोन देहांची जवळीक आणि हजारो देहांची जुळणी यांना एकाच कथेत समोरासमोर ठेवून तो विचारतो की दुसऱ्यात मिसळून जायची हौस कुठवर? मिक शेवटी त्या चालत्या राक्षसाला जाऊन बिलगतो.

त्याच दशकात रक्त हा शब्द बदलला. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या आणि काही वर्षांत मित्रमंडळींच्या वह्यांतले पत्ते खोडले जाऊ लागले. व्हॅम्पायरची जुनी गोष्ट, चुंबनातून मरण, आता इस्पितळातली बातमी झाली होती. वर्तमानपत्रं समलिंगी पुरुषांना पिशाच्चच म्हणत असताना या लेखकांनी पिशाच्च टाकून द्यायला हवं होतं. त्यांनी ते उराशी धरलं. न्यू ऑर्लिन्सच्या पॉपी झेड. ब्राइटने (आता बिली मार्टिन) 'हिज माउथ विल टेस्ट ऑफ वर्मवुड'मध्ये दोन प्रेमिकांना कबरी उकरायला पाठवलं. भाषा अतिपक्व, सडायच्या बेताला आलेली. पण मेलेल्या देहाकडे इतक्या लोभाने बघणारं गद्य त्या वर्षांत शोक करायची एक रीतही होती. त्याच्या 'कॅलकटा, लॉर्ड ऑफ नर्व्ह्‌ज'विषयी मात्र मला आकस आहे. कोलकात्याच्या गल्ल्यांत मुडदे चालू लागतात आणि फारसा फरक पडत नाही, ही त्यातली कल्पना खऱ्या शहराला आयत्या नेपथ्यासारखी वापरते. दुसऱ्याच्या कालीला असं भाड्याने आणता येत नाही.

ज्यूएल गोमेझने १९९१ मध्ये 'द गिल्डा स्टोरीज'मध्ये उलट वाट धरली. गुलामीतून पळालेली काळी मुलगी मोठी होऊन व्हॅम्पायर होते, आणि जोडकथांची माळ १८५० च्या लुइझियानापासून २०५० पर्यंत जाते. हे व्हॅम्पायर रक्त घेतात तेव्हा त्या माणसाच्या मनात शिरून त्याला हवं असलेलं काहीतरी, एखादं स्वप्न, एखादी उमेद, ठेवून जातात. घेण्यासाठी मारावं लागत नाही. भयकथा संमतीवर घाला घालते आणि कामकथा संमतीवाचून गुन्हा होते. या दोन प्रकारांना एकत्र नांदवायचं तर देवाणघेवाणीचा काही नियम लागतोच. एक काळी स्त्री हा नियम लिहिते, कारण आपलं शरीर न विचारता घेतलं जाणं म्हणजे काय हे तिच्या पूर्वजांच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

*

लांबीबद्दल. कादंबरीत हा प्रकार लवकर थकतो. उत्कंठा ताणून ताणून धरली की भीतीची सवय होते, आणि शेजेचं वर्णन तिसऱ्यांदा आलं की हात यंत्रासारखा चालतो. कथेला एकच रात्र पुरते.

*

कार्मेन मारिया माचाडोचं 'हर बॉडी अँड अदर पार्टीज' (२०१७) मी अनेकांच्या हातात ठेवलंय. त्यातली 'रिअल विमेन हॅव बॉडीज'. मॉलमधलं पार्टीच्या पोशाखांचं दुकान. बाहेर जगात बायका विरत चालल्या आहेत, आधी कडा पुसट होतात, मग आरपार दिसायला लागतं, कारण कुणाला सापडत नाही. दुकानातल्या मुलीचं पेट्रावर प्रेम जडतं. पेट्राची आई ते झगे शिवते. प्रेमप्रसंग मोकळे, भुकेले, आनंदाचे आहेत. एक दिवस पेट्रा तिला आईच्या कामाच्या जागी नेते. विरलेल्या बायका स्वतःहून येऊन कापडात शिरतात आणि शिवणाऱ्या सुईखाली आपलं अंग धरतात. नायिकेने वर्षभर ज्या झग्यांच्या घड्या घातल्या, गिऱ्हाइकांच्या अंगाला लावून बघितल्या, त्या प्रत्येकाच्या शिवणीत कुणीतरी आहे.

मग पेट्राही पुसट व्हायला लागते. इथून पुढचे शृंगाराचे प्रसंग वाचताना काळजात हलतं, कारण स्पर्शाला प्रत्येक खेपेला थोडं कमी शरीर सापडतं. भय आणि काम वेगळे काढून दाखवायला सांगितलं तर जमणार नाही, इतके ते एकजीव झालेत. शेवटी नायिका दुकानात घुसून कात्रीने झगे उसवते, ओरडते, जा म्हणते. त्या जात नाहीत.

२०१९ मध्ये माचाडोने 'कार्मिला'ची एक आवृत्ती संपादित केली. प्रस्तावनेत आणि तळटिपांत तिने एक दुसरीच कथा रचली: ल फानूने दोन खऱ्या बायकांची पत्रं हाताशी धरून त्यांवर हे पिशाच्च बेतलं, आणि त्या पत्रांतलं प्रेम गाळलं. बनाव आहे, पण एका लेखिकेने दीडशे वर्षांनी तळटिपेच्या जागेतून त्या थडग्याकडे परत जावं, यात मला फार मोठी माया दिसते.

*

आपल्या शेजारी राजस्थानात विजयदान देथा (१९२६ ते २०१३). जोधपूरकडच्या बोरुंदा गावी बसून त्यांनी लोककथांचे 'बातां री फुलवाडी'चे चौदा खंड सिद्ध केले. मणी कौलच्या 'दुविधा'मुळे त्यांचं भूत आपल्याला माहीत आहे. 'दोहरी ज़िंदगी'तलं भूत मात्र त्या मानाने कमी लोकांनी पाहिलंय. दोन सावकार न जन्मलेल्या लेकरांची सोयरीक ठरवतात. दोन्ही मुली होतात. हुंड्याच्या लोभाने एक बाप आपली बीजा मुलगा म्हणून वाढवतो आणि तीजाशी तिचं लग्न लावतो. पहिल्या रात्री सत्य उघडं पडतं आणि दोघी ठरवतात की असू दे, आपण एकमेकींच्याच. गाव चवताळतं. त्या रानात पळतात आणि भुतांच्या जागी पोचतात.

भुतांचा सरदार त्यांना आसरा देतो, महाल देतो, राखण करतो. पुढे बीजाला तो पुरुषाचं शरीरही देतो, आणि त्या शरीराबरोबर हुकूम, मालकी, संशय सगळं आयतं येतं. बीजा ते परत करते. बाई होऊन तीजाकडे येते. ज्या कथेत माणसांपासून पळून भुतांकडे जावं लागतं आणि भुतं दिलेला शब्द पाळतात, ती आपल्याच मातीतली आहे हे मराठी लेखकांनी ध्यानात घ्यावं.

*

आपल्याकडची भुतं मोजून बघा. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ किंवा अळवंत. गावोगाव व्याख्या थोड्या बदलतात, पण पाया तोच: कुठला संस्कार व्हायचा राहिला, कुठली इच्छा अर्धी राहिली. पिंपळावर, विहिरीवर, पाणंदीत बसलेली ही सगळी मंडळी लग्न आणि मूल या दोन पायऱ्यांशी अडखळलेली आहेत. मग ज्यांना ती पायरी चढायचीच नव्हती, ज्यांची ओढ तिसरीकडेच होती, ते मेल्यावर कुठल्या झाडावर बसतात? लोकांनी त्यांच्यासाठी नावच ठेवलं नाही. धारप-मतकरींनी मराठी वाचकाला रात्रभर जागवणारी गूढकथा दिली, सचिन कुंडलकरच्या 'कोबाल्ट ब्लू'ने (२००६) एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण दिले, बिंदुमाधव खिरेंनी 'पार्टनर' दिली. गूढकथेची आणि अशा प्रेमाची, या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतील ती जागा मला हवी आहे, आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी ती मागून घ्यावी असं फार वाटतं.

*

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांची संमतीची जवळीक बाहेर काढली. कायद्याची भीती गेली. घराची गेली नाही. मुलगी लग्नाला नको म्हणते, मैत्रिणीचं नाव घेते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं की हिला बाहेरचं लागलंय. मग डॉक्टर, नाही तर भगत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'बदलण्याच्या' उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. भगताचं काय? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली जे जे करतात ते नेमकं लिहिलं आहे: दोराने, साखळीने बांधणं, काठीने, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. डॉ. दाभोलकरांनी ज्याच्यासाठी हाडांची काडं केली आणि ज्यांच्या खुनानंतरच तो आला, त्या कायद्याची ही यादी कुठल्याही भयकथेपेक्षा भयंकर आहे, कारण ती घडलेल्या गोष्टींवरून केलेली आहे.

यातूनच एक कथा मला दिसते, आणि ती कुणी तरुणाने, तरुणीने लिहावी म्हणून इथे टाकून ठेवते. भगत समोर बसतो. झाडाला, म्हणजे भुताने धरलेल्या माणसाला, विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: तू कोण? कुठून आलीस? हिला का धरलंस? काय पाहिजे? त्या घरात मुलीला काय पाहिजे हे आजवर कुणी विचारलेलं नाही. भुताला मात्र विचारावंच लागतं, आणि जे मागेल ते द्यायची रीत आहे. आई, काका, शेजारणी सगळे कान देऊन ऐकतायत. मुलगी भुताचा आवाज घेते आणि बोलायला लागते. आधी नाव सांगते, मैत्रिणीचं. मग त्या दोघींच्या रात्री सांगते, एकेक, धुरीने घसा जळत असताना, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो तो कशाने हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. भगत नारळ पुढे करतो, कोंबडं कबूल करतो. तिला ते नको असतं. काय मागायचं ते लिहिणाऱ्याने ठरवावं. अट एवढीच की ते घरच्यांना द्यावं लागेल.